आकडा न देणाऱ्या बाई

आमच्या बाईंच्या खोलीत मोठ्या माणसांना बसायला खुर्चीच नव्हती. होत्या त्या बालवाडीतल्या लाल-निळ्या लाकडी खुर्च्या, जेमतेम वीत-दीड वीत उंचीच्या. पोराला घेऊन आलेल्या आईबापांनी त्यांच्यावरच टेकायचं. आयांना ते फारसं जड जात नसे. बापांची मात्र पंचाईत व्हायची. टाय लावलेला वकील असो, कॉलेजातला प्राध्यापक असो की पारशिवनीहून आलेला धोतरातला पाटील असो, त्या खुर्चीवर बसला की त्याचे गुडघे छातीला लागायचे आणि घरून ठरवून आणलेला आवाज निम्म्यावर यायचा. बाई स्वतः स्टुलावर बसत आणि पोराला टेबलावर बसवत. पोरं वर पाय हलवत बसायची आणि आपल्या बापाचं टक्कल सवडीने न्याहाळायची.

हे सत्तरीच्या दशकातलं नागपूर. एका धर्मादाय इस्पितळाच्या मागच्या अंगाला, औषधांची रिकामी खोकी ठेवायच्या खोलीशेजारी, 'बाल मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी होती. पाटीखाली माणसं दोन. केंद्राच्या प्रमुख बाई, आणि त्यांची मदतनीस मी. मी नुकतीच मानसशास्त्रात एम. ए. झाले होते, पहिल्या वर्गात, आणि ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी एकापेक्षा जास्त वेळा सांगितली असणार, कारण त्या दिवसापासून बाईंनी माझं नाव 'फर्स्टक्लास' ठेवलं. "ए फर्स्टक्लास, चहा सांग." माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे.

माझ्या डोक्यात पुस्तकं ताजी होती. पुस्तकांत सगळं कसं नीट लावलेलं होतं. मुलाची चाचणी घ्यायची, बुद्ध्यांक काढायचा, अहवाल लिहायचा, आणि पुढचे उपचार दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घालायचे. बाईंना हे सपशेल नामंजूर होतं. त्यांचं म्हणणं असं, की चाचणी नीट घेतली तर तोच उपचार, आणि नीट घेतली नाही तर पोराला फुकटचा ताप. "अन् चाचणी पोराची कायले घ्यायची?" त्या विचारत. "पोरगं काय स्वतःहून आलं आहे? ज्यांनी आणलं त्यांची घ्या." हे ऐकून मला वाटायचं, इतके पैसे खर्चून विलायतेहून चाचण्यांच्या पेट्या मागवल्या कशाला?

आईबापांना हवा असायचा आकडा. दाराशी आल्या आल्या विचारत, बुद्ध्यांक आजच मिळेल ना? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "आकडा पाहिजे तर मटक्याच्या अड्ड्यावर जा. तिथं रोज निघतो. इथं फक्त पोरगं मिळते, तेही तुमचंच." बरेच जण ओशाळं हसायचे. काही उठून जायचे, म्हणजे उठायचा प्रयत्न करायचे. त्या खुर्चीतून रागाने उठता येत नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं.

दिसायला बाई आडव्या बांध्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, चष्म्याला सुतळी, आणि बाराही महिने सायकल. मे महिन्यात ऊन लागू नये म्हणून पर्समध्ये कांदा ठेवायच्या. तो अख्खं नागपूर ठेवायचं, त्यात काही विशेष नाही. विशेष हे की बाई तो कांदा पोराच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "याची गोष्ट सांग." आमच्याकडच्या विलायती चित्रांत घरातल्या शेगडीपुढे गालिच्यावर झोपलेला कुत्रा होता. खेड्यातलं पोरगं ते चित्र बघून पहिल्यांदा विचारायचं, कुत्रं घरात काहून घेतलं? मी पुस्तक उघडून या उत्तराला किती गुण द्यायचे ते शोधत बसायची. बाई म्हणत, "बरोबरच विचारते आहे तो. तुला ठाऊक आहे का काहून घेतलं ते?" कांद्याच्या गोष्टी मात्र भराभर यायच्या. एका पोरीने सांगितलं होतं की हा कांदा मुद्दाम कापतात, म्हणजे आई कशाने रडून राहिली ते आजीला कळत नाही. त्या पोरीची आई समोरच्या निळ्या खुर्चीवर बसली होती. त्या दिवशी आम्ही दुसरी काही चाचणी घेतली नाही.

स्टॉपवॉच होतं. ते पोरांसाठी वापरायचं असतं, किती वेळात कोडं सोडवलं ते पाहायला. बाई ते बापांना लावायच्या. आई बोलायला लागली की बाई बटण दाबत आणि घड्याळ बापासमोर धरत. घड्याळ थांबेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. मोठमोठे अधिकारी त्या काट्याकडे डोळे लावून बसलेले मी पाहिले आहेत.

बाईंची सगळ्यात आवडती पद्धत म्हणजे अंदाज. पोराला प्रश्न विचारायचा, पण त्याआधी आईबापांनी आपापल्या पाटीवर लिहायचं की आपलं लेकरू काय उत्तर देईल. रामदासपेठेतले एक वकीलसाहेब होते. मेव्हण्याच्या मुलाचा बुद्ध्यांक कोणीतरी काढून दिला होता, म्हणून यांना आपल्या मुलीचा हवा होता, आणि तो मेव्हण्याच्या मुलापेक्षा वरचढ हवा होता. बाईंनी दोघांच्या हातात पाट्या दिल्या आणि मुलीला विचारलं, "घरी तू एकटी आहेस, दारात अनोळखी माणूस आला, तर काय करशील?" वकिलांनी लिहिलं, 'दार उघडणार नाही.' त्यांच्या पत्नीने लिहिलं, 'शेजारच्या काकूंना हाक मारेल.' मुलगी म्हणाली, "पाणी देईन, आणि सांगेन, साहेब पूजेला बसले आहेत, तासभर उठणार नाहीत."

नको असलेल्या पक्षकारांना कटवायला घरात हेच वाक्य ठरलेलं असणार. वकिलांचे कान लाल झाले. मग त्यांच्या पत्नीला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना, आणि मुलगी वर टेबलावर आईकडे बघून हसायला लागली. जाताना वकिलांनी तरीही चिवटपणे विचारलंच, "पण आकडा?"

"तुमचा की तिचा?" बाई म्हणाल्या. "तिचं आम्ही काही मोजलं नाही. तुमचं बरंच मोजलं."

बाई जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने 'त्यांचं अचूक निदान' या विषयावर बराच वेळ भाषण केलं. बाईंनी जन्मात कोणाचं निदान केलं नव्हतं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, आता उठून यांच्यासमोर घड्याळ धरावं.

कोणाचा असा समज व्हायला नको की बाई म्हणजे प्रेमळ माउली होत्या. वरिष्ठ म्हणून त्या अत्यंत खडूस होत्या. मी सुवाच्य अक्षरात लिहिलेले अहवाल त्या वाचत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पोरांना चित्रं काढायला देत. चार वर्षांत एकदाही मला चांगलं म्हणाल्या नाहीत. इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांशी तर त्यांचं उभं वैर. मोठ्या डॉक्टरांना दर महिन्याला आकडे हवे असायचे, किती मुलं तपासली आणि किती मंदबुद्धी निघाली. बाई लिहून पाठवायच्या, 'मुलं भेटली. बरी आहेत. आईबापांचं सांगता येत नाही.'

मेश्राम आले ते अशाच एका मे महिन्यात.

उमरेडजवळच्या कोळशाच्या खाणीत ते हजेरीबाबू होते. कोण किती वाजता खाणीत उतरलं आणि किती वाजता वर आलं, ते लिहायचं काम. पहिल्या एस.टी.ने आलेले, तरी पांढऱ्या सदऱ्याला सुरकुती नाही, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सोबत बायको आणि तिसरीतला मिलिंद. मिलिंद शाळेत बोलत नव्हता, पाटीवर लिहीत नव्हता, विचारलं तर जमिनीकडे बघत उभा राहायचा. हेडमास्तरांनी सांगितलं होतं की याचा बुद्ध्यांक आणा. आणि मेश्रामांनी पुढची तजवीजही करून ठेवली होती. फार लांबच्या एका शहरात मंदबुद्धी मुलांची निवासी संस्था होती, तिथे जूनमध्ये एक जागा होणार होती. इस्पितळाच्या सहीचा कमी आकडा दाखवला की ती मिळणार होती.

"माह्या बापाले शाळेच्या आत बसू देत नव्हते जी," मेश्राम लाल खुर्चीवरून म्हणाले. "दाराच्या भाईर बसून थो जेवढं ऐकू येईन तेवढं शिकला. मी कंदिलाखाली बसून मॅट्रिक झालो. अन् याले घरात लाईट देल्ला, दप्तर देल्लं, तं हा तोंड उघडत नाही. मी स्वतः अभ्यास घेतला. मारूनही पाह्यलं. काही उपेग नाही."

"तो इथंच बसला आहे, भाऊ," बाई म्हणाल्या. "त्याच्याशी बोला ना."

मेश्रामांनी वर टेबलाकडे पाहिलं. त्यांना काय बोलावं सुचेना. मिलिंदलाही त्याची अपेक्षा दिसली नाही.

बाईंनी घड्याळाचं बटण दाबलं आणि मेश्रामांसमोर धरलं. "तुम्ही सांगा वं, मिलिंदच्या आई."

मिलिंदच्या आईने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "तिकडं याले भाकर कोण देईन जी? हा मांगत नाही." तेवढंच बोलली. घड्याळ पुढे बराच वेळ चालत राहिलं आणि बाईंनी ते बंद केलं नाही.

चाचणी मी घेतली. खिडकीला गारव्यासाठी खसाच्या गवताची ताटी लावली होती, तिच्यावर पाणी मारायचं काम बाई नेहमी पोरांना द्यायच्या. ते काम मिलिंदने मन लावून केलं. चाचणी मात्र केली नाही. लाल-पांढरे ठोकळे जुळवून कार्डावरचं चित्र करायचं होतं, त्यांना त्याने हात लावला नाही. प्रश्न विचारला की तो आधी बापाच्या उजव्या हाताकडे बघायचा. हात गुडघ्यावर आहे असं दिसलं की पुन्हा जमिनीकडे. मी मनातल्या मनात आकडा काढला. त्या संस्थेला हवा होता तितका तो कमी होता.

बाईंनी माझ्या कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाचणी अर्धी झाली आहे," त्या मेश्रामांना म्हणाल्या. "उरलेली पुढच्या पंधरवड्यात."

"बाई, पूर्ण झाली आहे," मी म्हटलं.

"फर्स्टक्लास, चहा सांग."

मी चहा सांगून परत आले तेव्हा मेश्राम वर्तमानपत्रात बांधलेला एक पुडा कापडी पिशवीत कोंबत होते आणि मला पाहून दचकले. बाई पोरांना फुटाणे द्यायच्या, तेच असतील असं मला वाटलं. फुटाण्यांना माणूस इतका का दचकतो, हे मी मनाला विचारलं नाही.

पंधरवड्याने तिघं परत आले. बाई कोपऱ्यात सायकलच्या चेनला तेल घालत होत्या. त्या दिवशी चेन निखळली होती आणि ती दुरुस्त करायची जागा म्हणजे आमची तपासणीची खोली. मान वर न करता म्हणाल्या, "फर्स्टक्लास, आज मधूनच सुरू कर."

मी मधला प्रश्न विचारला. "एका आठवड्यात दिवस किती?"

मिलिंद ताठ बसून, खणखणीत आवाजात म्हणाला, "गाय दूध देते."

मी पुढचा प्रश्न विचारला, पाण्याचा बर्फ कशाने होतो? मिलिंद म्हणाला, "दोन कान, दोन डोळे." एका दमात त्याने सगळी उत्तरं म्हणून टाकली. उत्तरं बरोबर होती, फक्त ती पहिल्या प्रश्नापासूनची होती. मग त्याने न सांगता ठोकळे ओढले आणि कार्ड न बघता एकामागून एक चित्रं जुळवून दाखवली, सगळ्यात कठीण चित्रासकट. मेश्राम निळ्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. त्यांचे ओठ मुलासोबत हलत होते.

पेपर फुटला होता! ज्या चाचण्या आम्ही लोखंडी कपाटात ठेवायचो, ज्यांचा एक प्रश्नही बाहेर जाऊ नये अशी शपथ आम्हाला विद्यापीठात दिली होती, त्यांची उमरेडमध्ये घोकंपट्टी चालली होती. बाई तेल घालत बसलेल्या. मी उठले आणि नियमाप्रमाणे मोठ्या डॉक्टरांना कळवलं.

मोठे डॉक्टर तत्काळ आले. इतक्या वर्षांत बाई पहिल्यांदाच त्यांच्या तावडीत सापडत होत्या. बसायला जागा शोधली तेव्हा खाली एक लाल खुर्ची रिकामी होती. ते तिच्यावर बसले, आणि इस्पितळातली ती सगळ्यात गंभीर चौकशी गुडघे छातीशी धरून सुरू झाली.

"बाळ," ते वर टेबलाकडे बघून म्हणाले, "ही उत्तरं तुला कोणी शिकवली?"

मेश्रामांचा चेहरा पांढराफटक पडला. या माणसाने नोकरीत कधी कोणाची खोटी हजेरी लावली नव्हती, सख्ख्या मेव्हण्याचीही नाही. हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी अभिमानाने सांगितलं होतं. मिलिंदने सवयीने बापाच्या हाताकडे पाहिलं. मग त्याने नजर वर केली आणि बापाच्या तोंडाकडे पाहिलं. नंतर तो डॉक्टरांकडे वळला.

"कोणीच नाही. मले येतेच."

"असं कसं येईल?"

"येते. आमच्या घरी ठोकळे नाहीत."

डॉक्टरांनी मान वर केली. "ठोकळ्यांचं मी कुठे विचारलं?"

मिलिंदच्या लक्षात आलं. त्याचं तोंड इतकंसं झालं. त्याच वेळी मेश्राम खुर्चीतून उठले. त्या खुर्चीतून इतक्या चटकन उठलेला बाप मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

"साहेब, पोट्टं खोटं बोलून राहिलं. माह्यासाठी बोलून राहिलं. मी शिकवलं त्याले. जी सजा असन ते मले द्या."

"आणि त्यांना मी दिलं," कोपऱ्यातून बाई म्हणाल्या. तेलाचे हात त्यांनी माझ्या जुन्या अहवालाला पुसले. "ठोकळे पण, कार्डं पण, प्रश्नोत्तरं पण. ती तर माझ्या हाताने लिहून दिली."

मीही एका बुटक्या खुर्चीवर बसले. डॉक्टर बाईंकडे वळले. "का पण?"

बाई सायकल सोडून उठल्या. मेश्रामांना म्हणाल्या, "सांगा भाऊ, कसा घेतला अभ्यास?"

मेश्राम उभेच होते. आधी अडखळत, मग भरभर बोलत गेले. "मॅडमनं सांगतलं, कोणाले सांगू नका, परीक्षेत हेच येणार हाये. म्हून आम्ही दार लावून बसत होतो. क्वार्टरच्या भिंती पातळ, शेजारच्याले कळू नये म्हून हळू बोलत होतो. हात नाही उचलला जी एकदाही. मारलं असतं तं आवाज भाईर गेला असता. ते शेवटचं चित्र मलेच जमून नाही राहिलं. दोन दिवस डोकं लावलं. हा बसून पाहे. मंग मले म्हणे, बाबा, तो लाल कोना इकडं फिरवा. अन् जमलं." ते थांबले. "न इचारता बोलला साहेब माह्यासंग. पयल्यांदा."

मिलिंदची आई तोंडाला पदर लावून रडत होती. मला गहिवरून आलं होतं आणि त्याचा मला भयंकर राग येत होता, कारण पेपर तर फुटलेलाच होता.

"अभ्यास घ्या म्हटलं असतं तर यांनी पुन्हा मारूनच घेतला असता," बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला पोरगा. चोरी करा म्हटलं. चोरीत दोघांना एकाच बाजूला बसावं लागतं. आणि आत्ता तुमच्यासमोर हा आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाशी बोलला. खोटं बोलला, पण किती वेळेवर बोलला! डॉक्टर, इतक्या वेळेवर मला सुचत नाही. याला मंद कोण म्हणेल?"

"ते काही असो," डॉक्टर म्हणाले. "हेडमास्तरांना आकडा द्यावा लागेल. संस्थेलाही लागेल."

"नियम हिला विचारा," बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "फर्स्टक्लास आहे."

नियम मला तोंडपाठ होता. "फुटलेल्या चाचणीचा बुद्ध्यांक काढता येत नाही."

"मग पुन्हा घ्या."

"वर्षभर तरी घेता येत नाही. मुलाला प्रश्न आठवतात."

"आणि आधीच्या वेळी घेतली होती ती?"

"ती अर्धीच झाली होती," बाई म्हणाल्या.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आकड्याशिवाय संस्था मुलाला घेणार नव्हती. आकडा आता वर्षभर निघणार नव्हता, तोही माझ्याच नियमाने. जूनमधली जागा जूनमध्ये जाणार होती. बाईंनी पेपर नुसता फोडला नव्हता, फोडलेला सगळ्यांना दिसावा म्हणून मला मधून सुरू करायला लावलं होतं, आणि मी उठून डॉक्टरांकडे पळणार हेही त्यांनी गृहीत धरलं होतं. त्या खोलीत आईबापांची परीक्षा होते हे मला माहीत होतं. माझीही होते, हे त्या दिवशी कळलं.

मोठ्या डॉक्टरांनाही ते कळलं असावं, कारण ते उठायला लागले. ते उठेनात. दोनदा प्रयत्न केला. शेवटी मेश्रामांनी हात दिला आणि ज्यांच्याकडे सजा मागितली होती त्यांना खुर्चीतून ओढून बाहेर काढलं.

हेडमास्तरांच्या नावे बाईंनी चिठ्ठी लिहून दिली. 'तपास चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतच ठेवावे.' सही, शिक्का. सरकारी शाळेला इतकं पुरतं. तपास पुढे कधी पूर्ण झाला नाही.

शिक्षा झाली ती बाईंना. चाचण्यांच्या सगळ्या पेट्या कपाटात बंद करून त्याची किल्ली माझ्याकडे द्यावी, बाईंनी कपाटाला हात लावू नये, असा लेखी हुकूम आला. वयाने निम्म्या असलेल्या मदतनिसाकडे किल्ली! बाईंनी तो हुकूम वाचला आणि त्याच्या मागच्या बाजूवर एका मुलीला हत्ती काढायला दिला. सुताराकडून लाकडाचे तुकडे आणले, आगपेट्यांची टोपणं जमवली, कांदा होताच. मी किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात घालून फिरत असे. चाचणी घेताना कपाट उघडायची, झाली की लावायची, आणि दोनदा ओढून पाहायची. बाई त्यावरून मला चिडवायच्या. मी चिडायचीही.

पुढच्या उन्हाळ्यात मेश्राम पुन्हा दारात उभे राहिले. तोच पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं. सोबत पहिलीतली एक मुलगी, दोन वेण्या, तिची नजर आल्या आल्या सगळ्या खोलीभर फिरली. मिलिंद दिसत नव्हता. वर्ष उलटलं होतं. आता चाचणी घेता येत होती, आकडा काढता येत होता, आणि त्या संस्थेत जागा दर जूनमध्ये होत असणार.

"मिलिंद कुठे आहे?" मी विचारलं.

"परीक्षा चालू हाये त्याची. शाळेत हाये," मेश्राम म्हणाले. "तिसरीतून ढकलला. चवथीत पास होते की नाही, सांगता येत नाही. गणितात कच्चा हाये. पण बोलते आता. मास्तर म्हणते, लय बोलते." निळ्या खुर्चीवर ते न सांगता बसले. "त्याच्यासाठी नाही आलो, मॅडम. हिच्यासाठी आलो."

"हिला काय झालं?" बाईंनी मुलीला उचलून टेबलावर बसवलं.

"काहीच नाही झालं. हुशार हाये. सहामाहीत वर्गात पयली आली." मेश्राम घुटमळले. खोलीत तिसरं कोणी नाही ना, असं मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हिचाही पेपर फोडून द्या ना जी."

"काहून?"

"हे रोज भांडते माह्यासंग. म्हणते, भाऊले फोडून देल्ला, मले काहून नाही?" ते आपल्या हातांकडे बघत बोलत होते. "अन् खरं सांगू का मॅडम, दार लावून बसाले काही तरी लागते ना."

बाईंनी चष्मा शोधायला सुरुवात केली. टेबलावर पाहिला, पर्समध्ये पाहिला, कांदा बाहेर काढून ठेवला. चष्मा सुतळीला गळ्यातच लटकत होता. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझ्याकडे काही नाही, भाऊ. किल्ली या बाईंकडे आहे."

मला त्या पहिल्यांदाच 'बाई' म्हणाल्या होत्या. बापलेक दोघंही माझ्याकडे बघत होते. मुलगी टेबलावर पाय हलवत होती.

मी गळ्यातला दोरा काढला. कपाट उघडलं, लाल-पांढरे ठोकळे आणि कार्डं बाहेर घेतली, कालचं वर्तमानपत्र पसरलं आणि पुडा बांधला. बांधताना गाठ दोनदा सुटली. मेश्रामांच्या पिशवीत तो मीच खाली दाबून ठेवला.

"कोणाले सांगू नका," मी म्हटलं. "परीक्षेत हेच येणार आहे."